ओव्हरकुक्ड! ऑल यू कॅन ईट : सात-आठ महिने खेळल्यावर

आधी खरेदीचं बोलू, कारण पैसे तिथेच वाया जातात. ओव्हरकुक्ड हा मिळून घाईघाईत स्वयंपाक करायचा व्हिडिओ गेम; त्याचा पहिला भाग 2016 चा, दुसरा 2018 चा. 'ऑल यू कॅन ईट' म्हणजे हे दोन्ही भाग आणि नंतर निघालेले सगळे जादा पॅक एकत्र बांधलेला गठ्ठा. प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स/एस या कन्सोलवर तो नोव्हेंबर 2020 मध्ये आला, पीसी, निन्टेन्डो स्विच आणि त्याआधीच्या प्लेस्टेशन 4, एक्सबॉक्स वनवर मार्च 2021 मध्ये. लेव्हल दोनशेच्या वर आहेत. सेलमध्ये सुटे भाग स्वस्त दिसतात आणि मोह होतो, पण पहिल्या भागात मुळात ऑनलाइन खेळायची सोयच नव्हती. ती या गठ्ठ्यात मिळते, शिवाय एकाकडे पीसी आणि दुसऱ्याकडे कन्सोल असला तरी एकत्र खेळता येतं. दोन्ही भाग वेगवेगळे घेऊन वर एकेक पॅक जोडत बसण्यात अर्थ नाही.

गेम घोस्ट टाउन गेम्सचा. इंग्लंडमधल्या केंब्रिजचा हा स्टुडिओ दोन माणसांनी सुरू केला आणि प्रकाशक टीम17. 2017 च्या बाफ्टा या ब्रिटिश गेम पुरस्कारांमध्ये पहिल्या भागाला सर्वोत्कृष्ट ब्रिटिश गेम आणि सर्वोत्कृष्ट फॅमिली गेम असे दोन पुरस्कार मिळाले. 'फॅमिली' हा शब्द मात्र जपून घ्या. एका सोफ्यावर चौघांना बसवून आवाज चढवायला लावणारा याच्याइतका खात्रीचा गेम क्वचितच सापडेल.

खेळ असा : एक ते चार खेळणारे, एक स्वयंपाकघर, तीन-चार मिनिटांचं घड्याळ. वर डाव्या कोपऱ्यातून ऑर्डरी येत राहतात. चिरा, शिजवा, वाढा, खिडकीत द्या, ताटल्या धुवा. एक्सबॉक्सच्या पॅडवर ए ने उचलणं-ठेवणं, एक्स ने चिरणं किंवा फेकणं, बी ने धाव. एवढीच बटणं. आठ-नऊ वर्षांची मुलंही पाच मिनिटांत शिकतात आणि मोठ्यांच्या आधी शिकतात.

सुरुवातीच्या दिवसांत सगळ्यांची एकच समजूत असते की हात चालत नाहीत म्हणून हरतोय. तसं नसतं. बहुतेक डाव ताटल्यांवर अडतात. कांद्याचं सूप घ्या. तीन कांदे चिरायचे, तिन्ही एका भांड्यात, शिजलं की ताटलीत, ताटली खिडकीत. नवा गट काय करतो, तिघे कांदे चिरतात आणि एक वाढतो. दोन मिनिटांत ओट्यावर चिरलेल्या कांद्यांची रांग, दोन्ही भांडी भरून तयार, आणि स्वच्छ ताटली एकही नाही. सगळ्या खिडकीपाशी खरकट्या होऊन पडलेल्या, कारण ताटली दिल्यावर काही सेकंदांनी ती परत येते आणि तिकडे कोणाचं लक्ष नसतं. तोवर भांडं इशारा देऊ लागतं, मग पेटतं, आणि आग शेजारच्या ओट्यावर सरकते. दोष चिरणाऱ्याचा नाही, वाढणाऱ्याचाही नाही. सिंकवर माणूस नव्हता.

म्हणून लेव्हल सुरू होताच आधी ताटल्या मोजा, मग भांडी, मग चिरायचे बोर्ड. ताटल्या चारच असतील तर धुण्यावर एक माणूस कायमचा. तो मधल्या वेळात चिरेल, पण खरकटी दिसली की हातातलं टाकून सिंककडे. हे काम कुणालाच नको असतं, तेव्हा लेव्हलगणिक बदलत ठेवा.

आता काही गोष्टी ज्या गेम स्वतः नीट सांगत नाही. शिजलेलं भांडं शेगडीवरून उचलून कुठल्याही ओट्यावर ठेवलं की करपायचं थांबतं, आणि गारही होत नाही. वाढायला भांडं न्यायची गरज नाही, ताटली हातात घेऊन भांड्यापाशी गेलं की सूप ताटलीत येतं आणि भांडं शेगडीवरच राहतं. एक फेरी वाचते. अर्धवट चिरलेलं सोडून गेलात तरी काम वाया जात नाही, दुसरा तिथूनच पुढे चिरतो. भांड्यात दोनच कांदे असताना इशारा वाजायला लागला तर तिसरा टाका, शिजण्याचा वेळ मागे येतो. ताटलीत चुकून टोमॅटो पडला, ऑर्डर नुसत्या लेट्यूसची होती, तर ताटलीसकट कचऱ्याच्या डब्यापाशी जा : पदार्थ जातो, ताटली हातात राहते आणि स्वच्छच राहते. पण टाकण्याआधी वरच्या ऑर्डरी बघा. लेट्यूस-टोमॅटोची ऑर्डर बऱ्याचदा दोन घरं पुढे उभीच असते.

फेकणं दुसऱ्या भागात आलं आणि त्यानं खेळ बदलला. न शिजलेले जिन्नस फेकता येतात, थेट भांड्यातसुद्धा. ताटली, भांडं किंवा शिजलेला पदार्थ फेकता येत नाही. नेम चुकला तर कांदा जमिनीवर पडतो, तो उचलून चालतो (घरी नका करू). कडेला पाणी किंवा दरी असेल तर मात्र गेला. धावेचंही तसंच. मोकळ्या जागेत धाव ठीक, पण अरुंद पट्टीवर समोरच्याला धक्का बसला की तो खाली पडतो आणि परत यायला काही सेकंद लागतात. तेवढ्यावरून आरडाओरडा होतो, आणि बरोबरच होतो.

दुसऱ्या भागात गुणांचं गणित आणखी एक. ऑर्डरी डावीकडून क्रमाने दिल्या तर टिपेचा, म्हणजे बक्षिशीचा, गुणक चारपर्यंत चढतो. मधलीच ऑर्डर दिली की गुणक तुटतो. गुणांवरून प्रत्येक लेव्हलला तारे मिळतात. दोन तारे गाठायला बेशिस्त चालते, तिसऱ्याला नाही, आणि मोहीम संपल्यावर उघडणाऱ्या चौथ्याला तर अजिबात नाही. चौथ्यासाठी एकाने नुसतं वर बघून बोलत राहावं : 'आता मशरूम, मग कांदा.' लांब वाक्यं बोलू नका. 'ताटली', 'सरक', 'कांदा दोन' एवढंच पुरे.

लेव्हलची रचना हीच गेमची खरी कमाई. दोन ट्रक शेजारी धावताहेत, मध्येच लांब जातात, आणि चिरणारा एका ट्रकमध्ये, शेगडी दुसऱ्यात. गलबतावर ओटे डुलतात. गरम हवेच्या फुग्यात सॅलड करता करता फुगा कोसळतो तो थेट सुशीच्या स्वयंपाकघरात, मग पहिला सगळा बंदोबस्त रद्द आणि भात शिजवायला घ्या. कॅम्पफायर पॅकमध्ये जिन्नस पाठीवरच्या पिशवीत असतात आणि स्वतःच्या पिशवीतून स्वतःला काढता येत नाही. ज्याच्या पाठीवर टोमॅटो आहेत त्याला चिरणाऱ्याच्या जवळपास राहावंच लागतं. गोंधळ असा आखून केलेला आहे, आणि पाचव्या खेपेला त्यातली शिस्त दिसायला लागते.

होर्डचे डाव, म्हणजे खिडक्यांवर चालून येणाऱ्या पावांच्या भुतांना पदार्थ देऊन परतवणं, दोन-चारदा मजेचे. पुढे तोचतोचपणा येतो.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. उचलणं आणि ठेवणं एकाच बटणावर असल्यानं दोन ओट्यांच्या मधोमध उभं राहिलं की चुकीची वस्तू हाती येते. तिरकं उभं राहू नका, ओट्याकडे सरळ तोंड करा, समोरचं घर उजळलेलं दिसलं की मगच दाबा. ऑनलाइनमध्ये नेट जरा अडखळलं की हीच चूक तिप्पट होते. वायफायऐवजी केबल लावा, आणि ज्याचं नेट चांगलं त्यानेच होस्ट व्हावं, म्हणजे डाव सुरू करून बाकीच्यांना बोलवावं. एकट्यानं खेळताना दोन आचारी एकाच माणसाकडे येतात. एकाला चिरायला लावून दुसऱ्यावर जाता येतं, पहिला चिरत राहतो. कोडं म्हणून बरं आहे, पण पार्टी गेमची गंमत त्यात नाही. निव्वळ एकट्यासाठी घेत असाल तर घेऊ नका.

पॅड दोनच असतील तरी चौघं खेळू शकतात. एक पॅड दोघांत वाटता येतो, डावी काठी आणि डावी बटणं एकाला, उजवी दुसऱ्याला. हात एकमेकांवर येतात आणि बोटं अवघडतात, त्यामुळे वाटून घेतलेल्या पॅडवर मोठी माणसं एकत्र बसवू नका, एक मोठं आणि एक लहान बसवा. पाहुणे किंवा अगदी लहान मुलं असतील तर सेटिंगमधून असिस्ट मोड लावा : घड्याळ वाढतं, ऑर्डरी उशिरा रद्द होतात, अडलेली लेव्हल ओलांडून पुढे जाता येतं. लांबून टीव्ही बघत असाल तर ऑर्डरींची चित्रं मोठी करायची सोयही तिथेच आहे. ती पहिल्याच दिवशी लावून टाका, लेट्यूस आणि काकडी लांबून सारखीच दिसतात.