‘टेस्टेड ओके’: सेकंडहँड रॅक सर्व्हरच्या एका सौद्याची चिरफाड

जाहिरात एका ओळीची होती: ‘डेल आर७३०, ५६ कोर, १२८ जीबी रॅम, ४ × १.२ टीबी सॅस, ड्युअल पॉवर सप्लाय, आयड्रॅक एंटरप्राइज, सायलेंट, टेस्टेड ओके.’ (सॅस हा सर्व्हरच्या हार्ड डिस्कचा प्रकार; आयड्रॅक म्हणजे सर्व्हर दुरून सांभाळायची त्याच्यातच बसवलेली छोटी यंत्रणा.) किंमत ४६ हजार, कुरिअर वेगळं. विक्रेता म्हणजे कंपन्यांचा लीज संपलेला माल लॉटने उचलून सुटा विकणारा. व्हिडिओ कॉलवर त्याने मशीन चालू केलं, स्क्रीनवर १२८ जीबी दाखवले, पंख्यांचा आवाज जेमतेम कूलरएवढा. पैसे यूपीआयने गेले, पाचव्या दिवशी तीसेक किलोचं खोकं आलं, आणि मशीन सुरूही झालं.

खोक्यातून विटा निघण्याचा प्रकार हा नव्हे, म्हणूनच तो लिहून ठेवण्यासारखा. जाहिरातीतल्या बहुतेक शब्दांना थोडाथोडा आधार होता. बैलबाजारात शिंगं रंगवून जनावर उभं करतात, तसं मशीन त्या दहा मिनिटांच्या कॉलपुरतं तयार केलेलं होतं. दात बघायचे राहिले.

कोरचं पटकन उरकू. आत इंटेलचे दोन झिऑन ई५-२६८० व्ही४ प्रोसेसर होते. प्रत्येकात १४ कोर, म्हणजे २८. हायपरथ्रेडिंगमुळे, म्हणजे एका कोरला एकाच वेळी दोन कामं घेऊ देणाऱ्या सोयीमुळे, ऑपरेटिंग सिस्टीमला ५६ थ्रेड दिसतात आणि जाहिरातीत त्यांचे ‘कोर’ होतात. हे इतकं सर्रास चालतं की विक्रेत्यांना यात काही खोटं वाटतही नाही. कोर आणि थ्रेड वेगळे विचारायचे, मॉडेल क्रमांक ‘व्ही३’ की ‘व्ही४’ यासकट लिहून घ्यायचा. प्रोसेसरच्या झाकणावरचा कोड ‘एसआर’ने सुरू होत असेल तर तो बाजारात विकलेला नग, ‘क्यू’ने सुरू होत असेल किंवा ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ कोरलेलं असेल तर तो चाचणीचा नमुना, पैसे द्यायच्या लायकीचा नाही.

खरी गोम रॅममध्ये होती.

आर७३० मध्ये रॅमचे २४ स्लॉट असतात: पहिल्या प्रोसेसरचे ए१ ते ए१२, दुसऱ्याचे बी१ ते बी१२. प्रत्येक प्रोसेसरला चार मेमरी चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या वाहिन्या, आणि प्रत्येक चॅनेलवर तीन स्लॉट. बी३, बी७ आणि बी११ हे तिघे एकाच चॅनेलवरचे. स्लॉटच्या टोकाच्या खिटीच्या रंगावरून क्रम कळतो. चॅनेलचा पहिला स्लॉट पांढरा, दुसरा काळा, तिसरा हिरवा. १६ जीबीच्या आठ पट्ट्या असतील तर त्या आठही पांढऱ्या खिट्यांत बसायला हव्यात, चार इकडे, चार तिकडे.

या मशीनमध्ये ए बाजूला चार पांढरे भरलेले होते. बी बाजूला बी१, बी२, बी४ आणि बी५. म्हणजे तीन पांढरे, एक काळा, बी३ रिकामा. घाईत चूक झाली असेल असं वाटावं इतकी छोटी गोष्ट. बी५ मधली पट्टी काढून बी३ मध्ये घातली तर बेरीज ११२ जीबी. बी७ मध्ये घातली तरी ११२. तीच पट्टी ए५ मध्ये नीट चालते. पट्टी चांगली, चॅनेल मेलेलं. पट्ट्यांची मांडणी अशी बेढब असेल तर सुरू होताना इशारा येतो आणि मशीन एफ१ दाबण्याची वाट बघत थांबतं. इथे बायोसमधलं (मशीन उठताना सगळ्यात आधी चालणाऱ्या सेटिंग्जमधलं) ‘एफ१/एफ२ प्रॉम्प्ट ऑन एरर’ बंद करून ठेवलेलं होतं. इशारा डोळ्यांसमोरून सरकून जायचा आणि १२८ जीबी दिसायचे. चूक झालेला माणूस ही सेटिंग शोधत बसत नाही.

चॅनेल का मरतं? एलजीए २०११-३ सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेत, पिना मदरबोर्डवर असतात, प्रोसेसरच्या पोटावर नुसते सपाट ठिपके. लॉटमधले किरकोळ प्रोसेसर काढून जाहिरातीसाठी मोठे बसवताना ते हातातून सुटतात किंवा तिरके टेकतात, आणि केसापेक्षा थोड्या जाड अशा दोन-चार पिना लोळतात. त्या मेमरीच्या वाहिनीच्या असतील तर बाकी सगळं सुरळीत चालतं, एवढं एक चॅनेल गायब होतं. दोष सॉकेटचा की प्रोसेसरचा हे ठरवायला दोन्ही प्रोसेसर एकमेकांच्या जागी बसवायचे. दोष प्रोसेसरबरोबर ए बाजूला गेला तर प्रोसेसर, जागीच राहिला तर सॉकेट. इथे तो जागीच राहिला. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून भिंगातून पाहिलं की पिनांच्या रांगा शेतातल्या सऱ्यांसारख्या एका दिशेने चमकतात; लोळलेली पिन त्या रांगेत खाच पाडते. अशा दोन पिना शेजारणींवर रेललेल्या होत्या. ०.५ मिमीच्या रिकाम्या पेन्सिलीच्या टोकाने पिन सरळ करता येते हे खरं, पण ती तुटली तर सॉकेटच गेलं. परत करायचा माल असेल तर हातही लावू नये, कारण मग दोष आपल्या नावावर येतो.

आता ‘सायलेंट’. घरी आल्यावर मशीनने विमानासारखा आवाज धरला. डेलच्या या पिढीत पंखे आयड्रॅक चालवतं, पण आयपीएमआयटूल या प्रोग्रॅमने दोन कमांड देऊन त्याच्या हातातून काढून घेता येतात आणि ठरावीक टक्क्यांवर रोखून धरता येतात. वीज पूर्ण तुटून आयड्रॅक नव्याने उठलं की ताबा पुन्हा त्याच्याकडे. कॉलवरची शांतता त्या कमांडची होती. ही युक्ती घरी वापरणं गैर नाही, पुष्कळजण वापरतात. ती लपवून विकणं गैर. आयड्रॅकला पंखे पळवावेसे का वाटत होते, तर दोन कारणं. एक, डेलचं नसलेलं १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड. अनोळखी पीसीआय कार्ड दिसलं की मशीन खबरदारी म्हणून हवा वाढवतं. हे वागणं वेगळ्या कमांडने बंद करता येतं आणि त्यात धोका फारसा नाही, कार्ड तापत नाही ना एवढं बोटाने नाही तर सेन्सरने बघायचं. दुसरं कारण गंभीर: प्रोसेसर आणि रॅमवर बसणारं काळं प्लास्टिकचं एअर श्राउड नव्हतंच. ते नसलं की सहा पंख्यांची हवा वाट सापडेल तिकडे पळते, प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांतून जात नाही. कॉलवर मशीन रिकामं बसलेलं, झाकण लावलेलं, कोणाला कळणार? स्ट्रेस-एनजी या चाचणीच्या प्रोग्रॅमने अर्धा तास पूर्ण भार दिला तेव्हा कळलं. आर७३० मध्ये दोन्ही प्रोसेसर शेजारीशेजारी असतात, त्यामुळे तापमान जवळजवळ सारखं हवं. इथे दुसरा १७ अंशांनी पुढे. हीटसिंक उचलला तर थर्मल पेस्ट खडूसारखी वाळलेली. पेस्ट बदलून आणि श्राउड मिळवून फरक तीन अंशांवर आला.

पॉवर सप्लाय दोन होते हे खरं. एक ७५० वॅटचा, दुसरा ४९५ चा. आर७३० ला जोडी एकसारखी लागते. बेजोड सप्लाय सरकवला की त्याचा हिरवा दिवा लुकलुकतो आणि विझतो, आणि मशीन एकावरच चालतं. स्वस्त लॉटमध्ये याहून वाईट सापडतं, दूरसंचार कंपन्यांच्या जागेतून निघालेला ४८ व्होल्ट डीसीचा सप्लाय. त्याला घरातली तीन पिनांची कॉर्ड बसतच नाही. म्हणून मागच्या बाजूचा फोटो मागायचा, सप्लायचं लेबल वाचता येईल असा.

डिस्कबद्दल विक्रेते ‘हेल्थ १००%’ असा स्क्रीनशॉट पाठवतात. त्याला अर्थ नाही. रेड कंट्रोलरच्या (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाच्या) मागे बसलेली सॅस डिस्कही स्मार्टसीटीएल हा प्रोग्रॅम वाचू शकतो, त्याला ‘मेगारेड’ आणि डिस्कचा क्रमांक सांगावा लागतो एवढंच. बघायच्या ओळी तीन: निर्मितीचा आठवडा आणि वर्ष, एकूण चालू तास, आणि ‘ग्रोन डिफेक्ट लिस्ट’मधली, म्हणजे वापरात खराब झालेल्या जागांच्या यादीतली, संख्या. इथे तीन डिस्क ६१ हजार तासांच्या पुढे, म्हणजे सात वर्षं अखंड फिरलेल्या, आणि एकीची दोषयादी २०० च्या वर. चौथी कुठल्यातरी स्टोरेज कॅबिनेटमधून काढलेली, ५२० बाइट सेक्टरची. कंट्रोलर तिला हातही लावत नव्हता. अशी डिस्क एसजी-फॉरमॅटने ५१२ वर आणता येते, पण त्याला कित्येक तास लागतात आणि मध्ये वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. तास शून्य दिसले तरी हुरळू नये. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या वापरलेल्या डिस्क स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या वापराची ठेवते त्या नोंदीचे) आकडे पुसून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं, ते डिस्कमधल्याच ‘फार्म’ नावाच्या दुसऱ्या नोंदीमुळे. तिथे खरे तास तसेच होते. सीगेटची डिस्क असेल तर दोन्ही आकडे ताडून पाहायचे. स्मार्टसीटीएलची ७.४ पासूनची आवृत्ती ‘फार्म’ वाचते.

आयड्रॅक एंटरप्राइज बाराव्या दिवशी संपलं. दूरचा कन्सोल उघडेना. लायसन्सच्या पानावर पाहिलं तर ३० दिवसांचं चाचणी लायसन्स, कॉलच्या आधी टाकलेलं. खरं लायसन्स सर्व्हिस टॅगला, म्हणजे डेलने त्या मशीनला दिलेल्या क्रमांकाला, बांधलेलं असतं आणि त्याला मुदत नसते. ते पान विक्रेत्याला उघडायला लावायला अर्धा मिनिटही लागत नाही.

तेव्हा कॉल कसा करायचा? सुरुवात दोन्ही कॉर्ड काढलेल्या अवस्थेतून. एक मिनिट तसंच ठेवायचं, मग कॉर्ड लावायच्या, आणि कॅमेरा कुठेही न थांबवता मशीन उठू द्यायचं. पंख्यांवरची पकड सुटते, दोन्ही सप्लायचे दिवे दिसतात. एफ२ दाबून बायोसमध्ये एरर प्रॉम्प्ट चालू आहे का ते पाहायचं, बंद असेल तर चालू करून पुन्हा उठवायचं. मशीनच्या पुढून बाहेर ओढता येणाऱ्या लेबलवरचा सात अक्षरी सर्व्हिस टॅग आणि स्क्रीनवरचा टॅग एकच हवा. तो डेलच्या साइटवर टाकला की मशीन मुळात काय घालून निघालं होतं ते कळतं. मशीन बिघाडांची जी नोंदवही ठेवतं ती कधी पुसली तेही बघायचं, कारण पुसल्याचीच एक नोंद पहिली उरते. या मशीनमध्ये ती कॉलच्या आदल्या संध्याकाळची होती. शेवटी झाकण उघडायला लावून वरून सावकाश फिरवायला सांगायचं: श्राउड, सहा पंखे, खिट्यांचे रंग. कॉलचं स्क्रीन रेकॉर्डिंग आपल्याकडे ठेवायचं, तसं विक्रेत्याला आधी सांगून. जो ‘आता गोडाऊनमध्ये लाइट नाही’ म्हणेल त्याला लाइट आल्यावर फोन करायला सांगायचं.

विक्रेत्याचं उत्तर अपेक्षित तेच आलं: ‘कुरिअरमध्ये हादरा बसला असणार.’ क्लॅम्पखाली दाबलेल्या प्रोसेसरच्या पिना हादऱ्याने एकीकडे लोळत नाहीत, हे त्यालाही माहीत असणार. कॉलच्या रेकॉर्डिंगमधली एक चौकट त्याला पाठवली. त्यात झाकण लावण्यापूर्वीच्या दोन सेकंदांत काळ्या खिटीतली पट्टी आणि रिकामी पांढरी खिटी स्पष्ट दिसत होती. मग भाषा बदलली आणि ९ हजार परत आले.

परत आले नसते तर वाट अशी: नियमित धंदा करणाऱ्याकडून घरगुती वापरासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली येते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. व्यवसायासाठी घेतलेला माल सहसा यातून वगळला जातो, म्हणून चॅटमध्ये ‘घरी वापरायला’ असं आधीच लिहिलेलं बरं. जीएसटी बिलावर सर्व्हिस टॅग आणि प्रोसेसर-रॅमचा तपशील मागायचा. बिलाशिवाय दोन हजार कमी, हा सौदा महाग पडतो. पैसे घेऊन माणूसच गायब झाला तर तो वेगळा गुन्हा, त्यासाठी लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

फसवणुकीत न मोडणारा एक खर्च विक्रेता सांगणार नाही. असं मशीन रिकामं बसून १५० वॅट खातं असं धरलं तर दिवसाला ३.६ युनिट, महिन्याला १०८. महावितरणच्या १०१ ते ३०० च्या टप्प्यात असलेलं घर त्याने सहज ३०१ च्या पुढे जातं, आणि तिथला दर वेगळा. ही सगळी वीज उष्णता होऊन खोलीतच राहते. पुढून शिरणारी हवा ३५ अंशांच्या आत हवी, त्यामुळे मे महिन्यात पोटमाळा किंवा बंद कपाट ही जागाच नव्हे. मागे फूटभर मोकळं सोडून फरशीच्या जवळ ठेवायचं.

या मशीनचा दुसरा प्रोसेसर शेवटी काढला. आठही पट्ट्या ए१ ते ए८ मध्ये गेल्या, १२८ जीबी पुरे. काही पीसीआय स्लॉट त्याबरोबर गेले, वीज कमी झाली, पंखे खाली आले. बी बाजूच्या सॉकेटवर लागणारं प्लास्टिकचं झाकण खोक्यात नव्हतं. उघड्या पिनांवर धूळ बसू नये म्हणून ते वेगळं शोधावं लागलं.