मराठी वाचनासाठी ई-रीडर घ्यावा का?

साठी ओलांडल्यावर दिवाळी अंकांतला बारीक टाइप आणि सहाशे-सातशे पानांच्या कादंबरीचे वजन ही दोन्ही मला जड जाऊ लागली, म्हणून गेल्या आषाढात सहा इंची पडद्याचा ई-रीडर, म्हणजे केवळ पुस्तके वाचण्यासाठीचे हलके यंत्र, घेतला. तेव्हापासून त्यावर चौदा पुस्तके वाचून झाली असून त्यांपैकी अकरा मराठी आहेत, आणि मराठीपुरता जो अनुभव आला तोच येथे नोंदवतो.

डोळ्यांना मिळालेला आराम हा सर्वांत मोठा लाभ, आणि तो मोबाइलवर मला कधीच मिळाला नाही. ई-रीडरच्या ‘ई-इंक’ पडद्यात सूक्ष्म कुप्यांमध्ये काळे आणि पांढरे विद्युतभारित कण असतात. पान उलटताना ते वरखाली सरकतात आणि मग जागच्या जागी राहतात, त्यामुळे पान नुसते उघडे असताना त्याला वीज लागत नाही आणि खोलीतला उजेड कागदावरून परतावा तसाच पडद्यावरूनही परततो. गच्चीवर भर उन्हात अक्षर उलट अधिक ठसठशीत दिसते. रोज दोन तास वाचूनही चार्जिंग मला पंधरवड्याने करावे लागते.

अडचण आहे ती पुस्तकांत. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या किंडल या ई-रीडरवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके आणली, ई-साहित्य प्रतिष्ठान विनामूल्य पुस्तके पुरवते. तेव्हा मराठीत काही मिळतच नाही, ही तक्रार आता करता येणार नाही. मात्र छापील पानाची हुबेहूब पीडीएफ सहा इंचांवर उघडली की अक्षर मुंगीएवढे होते, आणि मोठे करावे तर प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागते. ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपात अक्षर मोठे केले तरी ओळी नव्याने जुळतात, म्हणून किमतीच्या आधी स्वरूपाची चौकशी करावी.

त्याहून अधिक मन दुखावले ते अशुद्ध मजकुराने. विकत घेतलेल्या एका प्रवासवर्णनात ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ सर्वत्र ‘सह्याद्रीच्या दर्या’ झाल्या होत्या! जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर युनिकोड या आजच्या संगणकीय अक्षरप्रणालीत आणताना अर्ध्या ‘र’चा असा रफार होतो, आणि नंतर कोणी मुद्रितशोधन केले नाही तर डोंगरात समुद्र शिरतो. कागदावर असे पान छापायला प्रकाशक धजले नसते. पडद्यावरच्या वाचकाचाही शुद्ध मजकुरावर तेवढाच हक्क आहे. यंत्रातल्या मूळ फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे निघाले, हेही मला बरेच दिवस खटकत राहिले. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आपण पाटीवर गिरवलेले आहेत. सुदैवाने माझ्या यंत्रात स्वतःचा फॉन्ट टाकण्याची सोय आहे. घेण्यापूर्वी ती अवश्य पाहावी.

कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन यांसाठी ई-रीडर मी निःशंकपणे सुचवीन. कवितासंग्रह मात्र कागदावरच घ्यावा, कारण अक्षर मोठे केले की कवीने जेथे ओळ थांबवली तेथे ती थांबत नाही. पुस्तकाचा नमुना मोफत उघडता येत असेल तर पैसे भरण्यापूर्वी त्यात ‘दुसऱ्या’, ‘बिचाऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द शोधून ते नीट उमटले आहेत का, हे पाहावे.