उद्यमनगरच्या धुळीत आर्केड कॅबिनेट: आतल्या कॉम्प्युटरला हवा कशी द्यावी

दिवाळीच्या सुमारास आर्केड कॅबिनेट, म्हणजे उभ्यानं खेळायचं व्हिडिओ गेमचं मशीन, दुकानात आलं, आता गणपती उरकलेत. मधे उन्हाळा आणि कोल्हापूरचा पावसाळा दोन्ही जाऊन आले, म्हणून आता लिहायला हरकत नाही. दुकान उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या भागात, नाश्त्याचं. एका बाजूला लेथ, समोर ग्राइंडिंग. दुपारी सुरू केलेलं मशीन रात्री शटर ओढतानाच बंद होतं.

आत रायझन 5 5600जी प्रोसेसर आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. 24 इंची एलसीडी, छोटा ॲम्प्लिफायर, वरच्या पाटीमागे एलईडी पट्टी. मदरबोर्ड (कॉम्प्युटरचा मुख्य सर्किट बोर्ड) डब्यातून काढून आतल्या फळीवर स्पेसर देऊन उभा बसवलाय. विकणाऱ्यानं मागच्या दारावर एक पंखा दिला होता, हवा बाहेर फेकणारा. खाली हवा आत यायला वाटच ठेवली नव्हती.

गरम हवा वर जाते, वर पंखा लावला की झालं, असं सगळेच सांगतात. हवा वर जाते हे खरंच, पण पाच-साडेपाच फुटी खोक्यात तो ओढा इतका नाजूक असतो की साधा पंखाही त्याला सहज मागे टाकतो. शिवाय बाहेर गेली तेवढी हवा कुठून तरी आत शिरणारच. ती शिरते जॉयस्टिकच्या दांड्याभोवतून, बटणांच्या फटीतून, नाण्याच्या खाचेतून. घरात हे खपून जाईल. उद्यमनगरच्या धुळीत लोखंडाचा बारीक कीस असतो. एकदा मागचं दार उघडलं तर स्पीकरच्या चुंबकावर काळी लव उभी राहिलेली, बोटानं आडवी केली की परत ताठ. हाच कीस मदरबोर्डवर दोन पिनांच्या मधे जाऊन बसला तर खेळ खल्लास.

म्हणून सगळं उलटं केलं. मागच्या दारात खाली 120 मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत ढकलतात, वरचा एकच पंखा सावकाश बाहेर काढतो. आत जास्त, बाहेर कमी. उरलेली हवा फटींतून बाहेर पडते, त्यामुळे धुळीला तिथून आत यायला जागाच राहत नाही. खालच्या पंख्यांपुढे लक्ष्मीपुरीतून आणलेली बारीक नायलॉन जाळी आहे, पण ती पंख्याला चिकटून नाही. दोन-तीन बोटं पुढे, पंख्यांच्या तोंडापेक्षा बऱ्याच मोठ्या चौकटीत ताणून बसवलीय. जाळी वारा अडवतेच, क्षेत्रफळ वाढवलं की अडथळा कमी होतो.

पंखे किती हवेत याचा हिशेब सोपा आहे. आत एकूण 150 वॉट जळतात असं धरा आणि आतली हवा खोलीपेक्षा फक्त 5 अंशांनी वर जाऊ द्यायची असेल, तर तासाला साधारण 90 घनमीटर हवा लागते, म्हणजे 53 सीएफएम (मिनिटाला घनफूट). पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो, जाळीमागे तो बराच पडतो. म्हणून एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा दोन हळू फिरवलेले बरे, आवाजही कमी. प्लायचं पोकळ खोकं म्हणजे तबलाच, पंखा थेट स्क्रूनं आवळला की सगळं घुमतं. मधे रबराचे वॉशर घातल्यावर शांत झालं.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक गोष्ट जरूर बदला. जुने गेम चालवताना सगळा भार बहुतेक प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे एकाच भागावर पडतो, त्यामुळे प्रोसेसरचं तापमान सेकंदासेकंदाला उड्या मारतं. कॅबिनेटच्या पंख्यांचा वेग त्या तापमानाला जोडला तर ते सारखे वर-खाली गुरगुरत राहतात. तो मदरबोर्डच्या तापमान सेन्सरला जोडा. मे महिन्यात भर दुपारी पोरांची रांग असतानाही प्रोसेसर सत्तरीच्या पुढे फारसा गेला नाही. त्याची मर्यादा 95 अंश आहे. नाद खुळा!

मशीन भिंतीला टेकवू नका. मागे वीतभर जागा सोडा, नाहीतर वरून निघालेली गरम हवा भिंतीवर आपटून खालच्या पंख्यांतून परत आत येते.

पावसाळ्यात गरमीचा त्रास नाही, ओलीचा आहे. मशीन चालू असतं तोवर आतली हवा उबदार राहते, त्यामुळे दमटपणा टिकत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी गाठते तेव्हा गिऱ्हाईक आटतं, दुकान बंद राहतं आणि मशीन गारठतं. अशा दिवसांत रोज तासभर नुसतं चालू ठेवतो. तरी तळाची एमडीएफची (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली) फळी फरशी पुसतानाच्या पाण्यानं फुगलीच. नवी, पाण्याला टिकणाऱ्या आयएस 710 मरीन प्लायची टाकली आणि खाली रबरी पाय लावले.

खटकतं ते एवढंच की जाळी दर आठवड्याला झटकावी लागते, समोर ग्राइंडिंग जोरात असलं तर त्याआधीच. तुमच्याकडून ते होणार नसेल तर पंखे वाढवून उपयोग नाही, कारण बुजलेल्या जाळीमागे चार पंखेही नुसते ओरडतात. आणि एलसीडीच्या मागची गरमी अजून मनासारखी निघत नाही. वरचा पंखा पाटीमागे सरकवायचा विचार आहे, पण सुतार दिवाळीपर्यंत मोकळा नाही म्हणतो.