एबीएस प्लास्टिकचे चारआईना चिलखत: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर मी भाच्यासाठी चारआईना पद्धतीचे चिलखत एबीएस (अॅक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन यांचे मिळून केलेले) प्लास्टिकच्या शीटमधून घरीच करायला घेतले. १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला ते पहिल्यांदा त्याच्या अंगावर चढले, आणि तेव्हापासून आजपर्यंतच्या आठ महिन्यांत मिरवणुका, उन्हाळ्यातील एक हौशी नाटक आणि गणेशोत्सवातील सजीव देखावा धरून एकूण अकरा वेळा, दर खेपेस तीन-चार तास, वापरले गेले. नवे असताना काढलेल्या छायाचित्रांवरून अशा वस्तूची पारख होत नाही, म्हणून मुद्दाम इतके दिवस थांबून लिहीत आहे.

चारआईना हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ चार आरसे असा आहे. छाती, पाठ आणि दोन बगला यांच्यासाठी चार स्वतंत्र फळ्या, त्या एकमेकींना पट्ट्यांनी किंवा बिजागऱ्यांनी जोडलेल्या, आणि खाली कड्यांची जिरह, अशी मूळची रचना. बगलेच्या फळ्यांना हात मोकळा फिरावा म्हणून वरच्या कडेला अर्धगोल खाच असते. या फळ्यांना बाक फार थोडा असल्यामुळे नवशिक्याला हा प्रकार सोपा जातो, एवढ्याच हिशेबाने मी तो निवडला होता. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातील शस्त्रसंग्रह लहानपणापासून पाहत आल्यामुळे हौस होतीच. हात मात्र पुठ्ठ्यापलीकडे कधी चालवला नव्हता.

पहिला प्रयत्न दुकानांच्या पाट्या करणारे वापरतात त्या पीव्हीसी फोम शीटचा होता. ती कटरने लोण्यासारखी कापली जाते, पण कडा दाबल्या की चेपतात आणि एकदा पडलेला खड्डा वर येत नाही. शिवाय पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच नरम पडते आणि जास्त तापवले तर त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा बोचरा वायू निघतो, म्हणून तो नाद सोडला. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतून २ मिमी जाडीची एबीएस शीट आणली. एबीएस साधारण १०५ अंशांपर्यंत आकार धरून राहते, आपटले तरी सहसा तडकत नाही, आणि तिची घनता पाण्याच्या १.०५ पट असल्याने त्याच मापाच्या पोलादी पत्र्याच्या सातव्या हिश्शापेक्षाही कमी वजनात काम होते. एक चौरस मीटर शीट २.१ किलो भरते. शिरस्त्राण, दस्ताने, पट्टे आणि आतील गाद्या धरून आमचा पूर्ण संच स्वयंपाकघरातील काट्यावर १.९ किलो भरला.

कापण्याचे काम अपेक्षेपेक्षा सोपे निघाले. पोलादी पट्टी धरून कटरने तीन-चार वेळा रेघ ओढायची आणि टेबलाच्या कडेवर दाबून मोडायचे; सरळ रेषेत शीट बिस्किटासारखी तुटते. खाचा मात्र करवतीच्या बारीक पात्याने कापून कानशीने घासाव्या लागतात. बाक देण्यासाठी सुताराकडून लाकडी पट्ट्यांचा साचा करून घेतला आणि हीट गन (गरम हवा फेकणारे यंत्र) सतत फिरती ठेवून फळी त्यावर बसवली. कडांचे लहानसहान बाकही हीट गननेच द्यावे लागतात; नुकत्याच उकळलेल्या पाण्याची उष्णता त्याला पुरत नाही.

शिरस्त्राण घरी होण्यासारखे नव्हते. त्यासाठी प्लास्टरचा घुमट करून तो व्हॅक्यूम फॉर्मिंग (तापवलेली शीट हवा ओढून साच्यावर बसवण्याचे काम) करणाऱ्या एका कारखान्यात दिला. एबीएस हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे तापवण्यापूर्वी ती ८० अंशांच्या आसपास काही तास सुकवावी लागते. तेथील कारागिराने घाईत हे टाळले, आणि पहिल्या घुमटावर शिजणाऱ्या आंबोळीला पडतात तशी बारीक जाळी पडली. दुसरा घुमट स्वच्छ निघाला, पण खोल साच्यावर ताणली गेल्याने २ मिमीची शीट काही ठिकाणी जेमतेम १ मिमी उरली होती. उजेडासमोर धरल्यावर तो भाग दुधाच्या सायीसारखा पारदर्शक दिसे. तेथे आतून काचकापड आणि इपॉक्सीचा थर दिला. असे काम बाहेर देणाऱ्याने जाडी मोजण्याआधी पैसे चुकते करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

फळ्या तयार व्हायला पंधरा दिवस लागले. त्या अंगावर नीट बसायला अडीच महिने. मी मापे घेतली ती भाचा बनियनवर ताठ उभा असताना, आणि तीच मोठी चूक ठरली. अंगरखा, त्याखालचे कापूस भरलेले बंडी आणि कमरेचा शेला यांनी घेर तीन इंचांनी वाढला. तो वाढवून दिल्यावर दुसरी अडचण आली. "मामा, उभा आहे तोवर ठीक आहे, पण बसलो की हे गळ्याशी येतंय," असे म्हणून तो दोन्ही हातांनी फळी खाली ओढू लागला. बसल्यावर पोट आणि मांड्या खालची कड वर ढकलतात, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. खालून दीड इंच कापल्यावर काम झाले, आणि जुन्या चारआईन्यातील छातीची फळी कमरेपर्यंत का येत नाही याचे उत्तर मला करवत चालवताना मिळाले. घोड्यावर बसणाऱ्याला ती लांबी परवडलीच नसती. त्यानंतर प्रत्येक बदलाला आम्ही एकच कसोटी लावली: दोन्ही हात डोक्यावर नेणे, पाटावर मांडी घालून बसणे, पायातील मोजडी स्वतः काढणे आणि खोल श्वास घेऊन दहा आकडे मोजणे.

पट्ट्यांकडे मी सुरुवातीला दुर्लक्ष केले आणि त्याची किंमतही मोजली. पहिल्या मिरवणुकीत खांद्यांना वेल्क्रो होते. रावपुऱ्यातून मांडवीपर्यंत पोहोचेतो गुलाल, धूळ आणि घाम यांनी त्याचे आकडे बुजले आणि पाठीची फळी वितभर खाली घसरली. मला तिच्यामागे हात लावून चालावे लागले. नंतर पिशव्या शिवणाऱ्या कारागिराकडून नायलॉनच्या नवारीचे पट्टे शिवून घेतले, खांद्यांना बक्कल आणि बगलांना टिचबटणे लावली. टिचबटण थेट प्लास्टिकवर ठोकू नये; नवारीच्या तुकड्यावर ठोकून तो तुकडा फळीला आतून चिकटवावा. बटण निखळले तर तुकडा बदलता येतो आणि फळीला भोक पडत नाही. आतल्या बाजूस चार ठिकाणी ईव्हीए फोमच्या (चपलांच्या तळव्यांना असतो तसल्या) गाद्या दिल्यामुळे अंग आणि प्लास्टिक यांत बोटभर पोकळी राहते. ती नसती तर बडोद्याच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, नाटकाचा एक अंकही निभावला नसता. (नवरात्रात हौसेने गरब्याला घालून गेलेला भाचा मात्र दुसऱ्या फेरीनंतर कठड्यावर बसून पट्टे सोडताना दिसला. गिरक्या घेण्यासाठी हे वस्त्र नव्हे.)

उन्हाळ्यात चिलखत पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर होते. फळ्यांचा आकार तिळभरही बदलला नाही, परंतु ग्लू गनने चिकटवलेल्या सगळ्या गाद्या सुटून तळाशी पडल्या, कारण तो गोंद उष्णतेनेच वितळणारा असतो. झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद टिकला, पण तो ठिसूळ असल्यामुळे लवणाऱ्या जागी तडतडला, आणि भोवती पांढरी वाफ धरली ती निराळीच. लवचीक राहणारा, पूर्ण सुकायला दिवसभर घेणारा गोंद वापरल्यापासून एकही गादी हललेली नाही.

सर्वांत मोठे नुकसान पावसाळ्यात झाले. धूळ लागू नये म्हणून संच रेक्झिनच्या पिशवीत भरून ठेवला होता. ऑगस्टमध्ये काढला तेव्हा छातीच्या फळीवरचा रुपेरी रंग चिकट झाला होता आणि त्यावर रेक्झिनची कणीदार नक्षी जशीच्या तशी उमटली होती. रेक्झिन मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले तेलकट द्रव्य हळूहळू शेजारच्या रंगात आणि प्लास्टिकमध्ये उतरते. तो सगळा भाग वॉटर पेपरने घासून पुन्हा प्रायमरपासून रंगवावा लागला. आता प्रत्येक फळी आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून खोक्यात उभी ठेवतो.

तडा आजवर एकच गेला, डाव्या बगलेच्या फळीत, आणि तो माझ्याच कापण्यातील दोषामुळे. खाचेचा कोपरा गोल न करता मी काटकोनात सोडला होता. ताण नेमका तेथे गोळा होतो. गणेशोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी बारीक पांढरी रेघ दिसली आणि विसर्जनापर्यंत ती इंचभर झाली. रेघ जेथे संपते तेथे ३ मिमीचे भोक पाडले, म्हणजे ताण त्या गोलाईवर पसरतो आणि तडा पुढे सरकत नाही. शीटचे उरलेले तुकडे काचेच्या बरणीत अॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवले की दाट पिठल्यासारखा लगदा होतो. तडा कानशीने किंचित रुंद करून हा लगदा आतून भरला आणि वर त्याच शीटची पट्टी बसवली. पहिल्या खेपेस लगदा पातळ झाल्यामुळे समोरचा पृष्ठभाग नरम पडून खोलगट झाला, म्हणून तो एका दमात न भरता तीन पातळ थरांत, मध्ये एकेक दिवस सोडून भरला. अॅसिटोन लगेच पेट घेते, तेव्हा हे काम गच्चीवर आणि देवघरातील निरांजनापासून लांब करावे.

रंगाविषयी थोडक्यात सांगतो. प्लास्टिकचा प्रायमर, त्यावर चकचकीत काळा, त्यावर रुपेरी, आणि कडांना पितळी रंगात कोफ्तगिरीसारखी (पोलादावर सोन्या-चांदीची तार ठोकून केलेल्या नक्षीसारखी) वेलबुट्टी, असा क्रम होता. थिनरचा जाड थर एबीएसला खातो, म्हणून फवारा लांबून आणि हलका द्यावा. उघडी पांढरी एबीएस उन्हाने पिवळी पडते. त्यातील ब्युटाडाइनचा, म्हणजे रबरासारखा, भाग आधी खराब होतो. रंगवलेल्या बाजूला काही झालेले नाही, पण पाठीमागच्या न रंगवलेल्या कडा आता जुन्या हार्मोनियमच्या पट्ट्यांसारख्या दिसू लागल्या आहेत. वापरानंतर पुसायला भांड्यांच्या साबणाचे कोमट पाणी आणि मऊ फडके पुरते. स्पिरिटने अॅक्रिलिक रंग उठतो, हे पितळी वेलीचे एक पान गमावून शिकलो.

आजवरचा खर्च, वाया गेलेला घुमट आणि दुसऱ्यांदा केलेली रंगाई धरून, पाच हजारांच्या आत आहे. भाड्याने मिळणारे चकचकीत पोशाख याहून स्वस्त पडतात, पण ते कोणाच्याच अंगावर बसत नाहीत. मात्र हे चिलखत केवळ दिसण्यासाठी आहे. लाठीच्या खेळात ते घालून उतरण्याचा हट्ट भाच्याने दोनदा धरला आणि दोन्ही वेळा मी तो मोडून काढला. सध्या खोक्यात राखीव म्हणून आठ टिचबटणे, हातभर नवार आणि लगद्याची घट्ट झाकणाची बरणी आहे. दिवाळीनंतर बगलेच्या दोन्ही फळ्या नव्याने कापायच्या आहेत, या वेळी कोपरे गोल ठेवून आणि एकेक इंच रुंद, कारण भाच्याने जूनपासून तालीम धरली आहे आणि बक्कलाचे शेवटचे भोकही आता त्याला पुरेनासे झाले आहे.