स्वीडन-नॉर्वेचं सिंथ म्युझिक : अख्खा हिवाळा ऐकून झाल्यावर

गेल्या ऑक्टोबरपासून मी जवळजवळ रोज सिंथवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणाऱ्या सिंथेसायझरवर, संगीत करणारी तीनच नावं ऐकतेय, कार्बन बेस्ड लाइफफॉर्म्स, बायोस्फिअर आणि लिंडस्ट्रॉम. पहिलं नाव म्हणजे स्वीडनच्या गोथेनबर्गमधले दोघं मित्र, दुसरा नॉर्वेत पार वर ट्रॉम्सोचा, तिसरा ऑस्लोत काम करणारा. आता मे संपत आलाय, अल्बम पाठ झालेत, कुठे काय येणार ते माहीत आहे आणि तरीही लावावंसं वाटतंय, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. आधीच सांगते, ज्यांना गाण्यात शब्द लागतात, मुखडा-अंतरा लागतो, त्यांना हे झेपणार नाही. पण मैफलीत तबला सुरू व्हायच्या आधीचा आलाप ज्यांना जास्त आवडतो त्यांनी हे नक्की वाचा.

मी गोथेनबर्गलाच असते, नोकरीमुळे. पुण्याहून गाड्यांच्या कंपन्यांमध्ये आलेली आपली बरीच मंडळी इथे आहेत, त्यातलीच एक. डिसेंबरात इथे सूर्य पावणेनऊच्या पुढे उगवतो आणि साडेतीनला मावळलेला असतो, म्हणजे ऑफिसला जाताना अंधार, येतानाही अंधार. बॉलिवूड लावलं की उगाच घरची आठवण यायची, पॉडकास्टची बडबड नको व्हायची. टीममधला एक सहकारी म्हणाला अगं तुझ्याच गावातले दोघंजण आहेत, ऐकून बघ. तिथून सुरुवात.

मुळात हे संगीत चालतं कसं ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत 'तेच तेच काय वाजतंय' असं वाटून बंद कराल. सीक्वेन्सर म्हणजे असं यंत्र ज्यात सूर घरांमध्ये बसवून ठेवायचे, बहुतेक वेळा १६ घरं, आणि ते आपलं आपण गोल गोल वाजत राहतं. रोलंड कंपनीचं टीबी-३०३ नावाचं छोटं चंदेरी यंत्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं त्यातही १६ च घरं. आता १६ मात्रांचं आवर्तन आपल्या लोकांच्या अंगात लहानपणापासून असतं, तीनताल शिकलेला नसला तरी ऐकलेला असतो, त्यामुळे हे चक्र आपल्याला पटकन पकडता येतं. पण गंमत सुरांत नाहीये. सूर तेच राहतात, वाजवणारा हात ठेवतो तो फिल्टरच्या, म्हणजे आवाजातला वरचा, तीक्ष्ण भाग कमी-जास्त करणाऱ्या नॉबवर. फिल्टर बंद असताना ती ओळ तळाशी नुसती गुरगुरते, हळूहळू उघडायला लागला की त्याच सुरांना धार येते, मग रेझोनन्स, म्हणजे फिल्टर जिथे कापतो तिथलाच आवाज फुगवणं, वाढवला की ओळ चिरचिरायला लागते, आणि हे सगळं व्हायला कधीकधी चार मिनिटं लागतात. त्यात एक ओळ १६ घरांची आणि दुसरी १२ घरांची ठेवली तर दोघींची पहिली घरं एकत्र यायला ४८ घरं जावी लागतात, मधल्या वेळात त्या एकमेकींवरून सरकत राहतात आणि कान आपोआप त्या भेटीची वाट बघायला लागतो. समेची वाट बघतो ना आपण, तेच. हे एकदा कळलं की 'तेच तेच' हा शब्द तोंडात येत नाही.

आता कार्बन बेस्ड लाइफफॉर्म्स. योहानेस हेडबर्ग आणि डॅनियल असे दोघं, १९९६ पासून एकत्र करतायत. त्यांचे पहिले तीन मोठे अल्बम 'हायड्रोपोनिक गार्डन' (२००३), 'वर्ल्ड ऑफ स्लीपर्स' (२००६) आणि 'इंटरलोपर' (२०१०), तिन्ही फ्रान्सच्या ल्यों शहरातल्या अल्टिमे या लेबलने काढले आणि तिन्ही मिळून एक मालिका धरतात. मी सगळ्यात जास्त वाजवला तो मधला. ऑफिसात सिम्युलेशनचे आकडे तपासायचं काम असतं, तीन-चार तास डोकं एका जागी ठेवावं लागतं, त्याला याच्यासारखं दुसरं काही सापडलं नाही मला. ठेका आहे पण पाय हलवायला लावणारा नाही, खाली लांबलचक पॅड, म्हणजे धरून ठेवलेला मऊ सूर, पसरलेला असतो आणि त्यावर सीक्वेन्सरची ओळ येते, जाते, परत येते. 'फोटोसिंथेसिस' नावाचा ट्रॅक आहे, तो सुरू झाला की मी आपोआप खुर्चीत नीट बसते, ही सवयच लागलीय आता.

पहिल्या अल्बममध्ये एका ट्रॅकचं नावच 'एमओएस ६५८१' आहे. ही कमोडोर ६४ कॉम्प्युटरमधली साउंडची चिप, १९८२ ची, एकावेळी फक्त तीन आवाज काढू शकणारी. युरोपातल्या कितीतरी पोरांनी संगीत पहिल्यांदा केलं ते याच चिपवर, कॉम्प्युटरवरच्या खेळांच्या आणि डेमोच्या, म्हणजे हौसेने केलेल्या चित्र-संगीताच्या छोट्या प्रोग्रॅम्सच्या, नादात. आणि गोथेनबर्गमध्येच चाल्मर्स विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी इलेक्ट्रॉन ही कंपनी काढली आणि १९९९ मध्ये हीच जुनी चिप घालून सिडस्टेशन नावाचा सिंथ विकायला आणला. मला हे फार आवडलं. म्हणजे एकाच शहरात एका बाजूला ही यंत्रं बनतायत, दुसऱ्या बाजूला त्याच यंत्रांच्या प्रेमातून अल्बम बनतायत, आणि आपण ट्रॅममधून त्याच रस्त्यांवरून जातोय. तिकडे स्टॉकहोमच्या क्लाव्हियाचा लाल रंगाचा नॉर्ड लीड हा सिंथ १९९५ चा, तो तर पुण्या-मुंबईच्या कीबोर्डवाल्यांनाही माहीत असेल.

एक खटकतं ते सांगते. या दोघांना मधेमधे इंग्रजी बोलण्याचे तुकडे घालायची सवय आहे, कुणीतरी अवकाशाबद्दल किंवा विज्ञानाबद्दल गंभीर आवाजात बोलतंय असे. पहिल्यांदा छान वातावरण तयार होतं, पण महिनोन् महिने ऐकल्यावर तेच वाक्य त्याच जागी आलं की लक्ष मोडतं. वाद्याची ओळ कितीही वेळा आली तरी नवी वाटते, बोललेलं वाक्य मात्र दहाव्या वेळेला शिळं होतं. 'इंटरलोपर' मला म्हणून थोडा जास्त स्वच्छ वाटतो, पण त्यात पहिल्या दोन्हींतला खरखरीतपणा गेलाय, सगळं फार गुळगुळीत झालंय. झोपताना लावायचा असेल तर २०११ चा 'ट्वेंटीथ्री' घ्या, त्यात ठेका नाहीच, नुसते थर.

फेब्रुवारीत आई साताऱ्याहून आली होती, तिने हार्मोनियम शिकलीय, रोज सकाळी रियाज करायची एकेकाळी. स्वयंपाकघरात मी हेच लावून ठेवलेलं, ती भाजी चिरता चिरता थांबली आणि म्हणाली, "अगं यांनी षड्ज कधीचा धरून ठेवलाय बघ, सोडतच नाहीयेत." मग पेटीवर वाजवल्यासारखी बोटं ओट्यावर फिरवून तिने वरची ओळ म्हणून दाखवली, तिला ती दोन मिनिटांत सापडली होती. मला ती ओळ वेगळी काढून ऐकायला महिना लागला होता. त्यानंतर ती असेपर्यंत रोज संध्याकाळी स्वतःच म्हणायची, लाव तुझं ते.

बायोस्फिअर हे प्रकरण पूर्ण वेगळं आहे आणि खरं सांगायचं तर माझा जीव यातच जास्त अडकलाय. बायोस्फिअर म्हणजे एकटा माणूस, गाइर येन्सन, ट्रॉम्सोचा. सुरुवातीला टेक्नोच्या, म्हणजे ठेक्यावर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताच्या, अंगाने जायचा, १९९१ चा 'मायक्रोग्रॅव्हिटी', १९९४ चा 'पाताश्निक', त्यातला एक ट्रॅक लिवाइसच्या जाहिरातीत वाजला आणि नाव झालं. बाकी कुणीही तसेच आणखी चार अल्बम काढले असते. याने १९९७ मध्ये 'सबस्ट्राटा' काढला, त्यात ठेकाच काढून टाकला. सुरुवातीला कुठलं वाद्यही नाही, मोकळ्या हवेतले आवाज, वरून विमान जातंय, आणि मग एक छोटीशी तारेच्या वाद्यासारखी ओळ येऊन गोल फिरायला लागते. ११ ट्रॅकपैकी पाचांना चक्क वनस्पतींची नावं आहेत, पोआ अल्पिना, कोब्रेसिया वगैरे, उंचावर आणि थंडीत वाढणारं गवत, झुडपं. एका ट्रॅकचं नाव 'चुखुंग', हे नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या भागातलं गाव, बेस कॅम्पच्या बाजूला ट्रेक केलेल्यांना लगेच ओळखू येईल. हा माणूस स्वतः गिर्यारोहक आहे, २००१ मध्ये हिमालयातल्या चो ओयू शिखरावर जाऊन आला आणि वाटेत रेकॉर्ड केलेले आवाज पुढे वेगळ्या अल्बममध्ये दिले. त्यामुळे त्याच्या संगीतातली थंडी मला खोटी वाटत नाही, ती त्याने अंगावर घेतलेली आहे.

जानेवारीत ट्रॉम्सोला जाऊन आले. तिथे नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही, पण म्हणजे मिट्ट काळोख असतो असं नाही, दुपारी दोन-तीन तास सगळं निळं होतं, बर्फ निळा, पाणी निळं, घरांच्या खिडक्या तेवढ्या पिवळ्या. केबल कारने वर डोंगरावर जाता येतं. येन्सन आणि 'हायर इंटेलिजन्स एजन्सी' या नावाने संगीत करणारा इंग्लंडचा कलाकार यांनी मिळून १९९५ मध्ये याच डोंगरावर कार्यक्रम केला होता, अट अशी की आवाज ट्रॉम्सोच्या आसपासचेच वापरायचे, म्हणून त्यांनी केबल कारच्या यंत्रांचे, बर्फाचे आवाज घेतले, आणि तो कार्यक्रम पुढच्या वर्षी 'पोलर सीक्वेन्सेस' या नावाने आला. मी वर जाताना मुद्दाम हेडफोन काढून ठेवले. खांब आला की केबिन जरा हलते, वरून लोखंडाचा घरंगळल्यासारखा आवाज येतो, मग पुन्हा एकसारखी घरघर, पुढच्या खांबापर्यंत. खाली आल्यावर हॉटेलात अल्बम लावला आणि लोखंडी आवाज आला की माझी मान आपोआप वर जायची. तोपर्यंत मी तो अल्बम बरा म्हणून बाजूला ठेवला होता, आता रोजच्या यादीत आहे.

लिंडस्ट्रॉमबद्दल थोडक्यात, कारण त्याच्याबद्दल भांडण नाहीच. २००८ चा 'व्हेअर यू गो आय गो टू', तीनच ट्रॅक, सगळे मिळून ५५ मिनिटं, त्यात पहिलाच ट्रॅक जवळजवळ २९ मिनिटांचा. याचं मूळ डिस्कोत आहे त्यामुळे चाल खेळती आहे, चालायला जाताना लावायला उत्तम. डेल्शनच्या तळ्याभोवतीच्या जंगलात मी रविवारी जाते तेव्हा हाच असतो, पहिला ट्रॅक संपेपर्यंत श्वास आणि पावलं लागलेली असतात. फक्त घरात बसून ऐकला तर मला तितका धरत नाही, त्याला हालचाल लागते.

वापरण्याच्या दृष्टीने काही गोष्टी, या मात्र मनावर घ्या. ॲपमधला क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यावर चढवणं) बंद करा आणि गॅपलेस (मध्ये फट न ठेवणं) चालू ठेवा, या अल्बममध्ये एक ट्रॅक दुसऱ्यात विरघळत जातो आणि मध्ये अर्ध्या सेकंदाची फट पडली तरी कळते. शफल तर अजिबात नको. ऑटोप्ले बंद ठेवा, कारण मी जे ॲप वापरते त्यात अल्बम संपला की लगेच 'फोकस'च्या नावाखाली कुणाचं आहे तेही कळत नाही असलं पातळ काहीतरी सुरू होतं, आणि मग मन म्हणतं की हे सगळं एकसारखंच असतं. नाही हो, एकसारखं नसतं. ज्या माणसाने फिल्टरवर चार मिनिटं हात ठेवलाय त्याचं ऐकणं आणि नुसता पसरलेला आवाज ऐकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणूनच मी शेवटी सगळे अल्बम विकत घेऊन फाइल्स फोनमध्ये ठेवल्या.

नॉइज कॅन्सलिंगबद्दल, ट्रॅममध्ये कार्बन बेस्ड लाइफफॉर्म्सला ते चालतं. 'सबस्ट्राटा'ला नाही, कारण त्यात इतक्या हळू आवाजाच्या जागा आहेत की हेडफोनची स्वतःची सूं सूं त्यात मिसळते. तो घरी, स्पीकरवर, खिडकी बंद करून. आवाज मात्र सुरुवातीच्या शांततेवरून ठरवून मोठा ठेवू नका, शेवटाकडे 'स्फिअर ऑफ नो-फॉर्म' येतो तेव्हा तो चांगलाच अंगावर येतो, शेजारी दार वाजवतील.

यांच्या आधीची माणसंही हळूहळू ऐकतेय. नॉर्वेचा एरिक वोलो मूळचा गिटारवाला, १९८५ चा त्याचा 'ट्रेसेस' ऐकलात तर सीक्वेन्सरची ओळ आणि मागे पसरलेली शांतता हे मिश्रण चाळीस वर्षांपूर्वीच किती तयार झालं होतं ते कळतं. स्वीडनचा राल्फ लुंडस्टेन त्याच्याही आधीचा, स्टॉकहोमजवळ एका गुलाबी लाकडी वाड्यात त्याचा स्टुडिओ होता, २०२३ मध्ये तो गेला. आणि आमच्याच गावचा सोलर फील्ड्स, म्हणजे माग्नुस बिर्येर्सन. 'मिरर्स एज' हा व्हिडिओ गेम खेळलेल्यांनी त्याचं संगीत ऐकलेलंच आहे, नाव माहीत नसेल इतकंच.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी 'वर्ल्ड ऑफ स्लीपर्स' घ्यावा, कामाच्या वेळेत, मध्यम आवाजात, आणि पहिले काही दिवस तोच ठेवावा. त्यात एखादी सीक्वेन्सरची ओळ निवडा आणि ती कुठे शिरते, कुठे उघडते, कुठे जाते एवढंच धरून ऐका. ती धरता यायला लागली की चालायला जाताना लिंडस्ट्रॉम. 'सबस्ट्राटा' सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो अशा संध्याकाळी जेव्हा पुढचा तासभर कुणाचा फोन येणार नाहीये.