मेल सर्व्हर स्वतःचा की सेवा विकतची? गोव्यातल्या लहान कार्यालयांसाठी तुलना

अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, एखाद्या देवस्थानाची समिती घ्या. अग्रशाळेतल्या (देवळाच्या यात्रीनिवासातल्या) खोलीसाठी मुंबईहून, कारवारहून कुळाव्यांचे (हे ज्यांचे कुलदैवत त्या भाविकांचे) मेल येतात आणि जातात माजी सचिवांच्या खासगी जीमेलवर, कारण पत्रिकेवर तोच पत्ता छापलेला. स्वतःच्या डोमेनवरचा पत्ता हवा, यावर बैठकीत कोणाचे दुमत नसते. वाद पेटतो तो टपाल ठेवायचे कुठे यावर: कार्यालयातल्या संगणकावर, भाड्याच्या व्हीपीएसवर (कंपनीच्या डेटासेंटरमधल्या आभासी सर्व्हरवर), की झोहो मेल किंवा गूगल वर्कस्पेससारख्या तयार सेवेकडे? पणजीतला सीए आणि पेडण्यातला होमस्टेवाला यांच्यापुढेही प्रश्न हाच.

कार्यालयातला संगणक लगेच निकालात काढता येतो, पण लोक समजतात त्या कारणाने नव्हे. पावसाळ्यात सत्तरीत रात्रभर वीज गेली की मेल हरवणार, अशी भीती असते. तसे होत नाही. समोरचा सर्व्हर बंद असेल तर पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स या मेल-सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ही मुदत मुळातच पाच दिवसांची असते. खरी अडचण जोडणीची. घरगुती फायबरवर बऱ्याचदा सीजीनॅट असते, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) अनेक ग्राहकांत वाटलेला. बाहेरून तुमच्या पोर्ट २५ पर्यंत (सर्व्हर एकमेकांचे मेल घेतात त्या दारापर्यंत) कोणी पोचूच शकत नाही. स्थिर आयपी घेतला तरी तो स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत (थेट मेल पाठवू नये अशा आयपींच्या) असू शकतो. त्या यादीतल्या पत्त्यांवरून थेट आलेला मेल अनेक सर्व्हर दारातूनच परत पाठवतात.

उरले दोन पर्याय. डीएनएसचा, म्हणजे डोमेनच्या नावामागच्या नोंदवहीचा, लोक उगाच बाऊ करतात, दोन्हीकडे नोंदी जवळपास त्याच. टपाल कुठे उतरवायचे ते एमएक्स सांगते, तुमच्या नावाने कोणी पाठवायचे ते एसपीएफ, मेलवरची सही पडताळायची किल्ली डीकेआयएम, आणि पडताळणीत नापास झालेल्या मेलचे काय करायचे ते डीमार्क. तयार सेवा या ओळी आयत्या देते, तुम्ही त्या डोमेनच्या पॅनेलमध्ये चिकटवायच्या. स्वतःच्या सर्व्हरला दोन नोंदी जास्त लागतात: सर्व्हरच्या नावावरून आयपी सांगणारी ए नोंद आणि आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर. ही पीटीआर डोमेनच्या पॅनेलमध्ये शोधू नका. ती आयपीच्या मालकाकडे, म्हणजे व्हीपीएस कंपनीच्या पॅनेलमध्ये असते. ए, पीटीआर आणि सर्व्हर हेलोमध्ये (जोडणीच्या सुरुवातीच्या ओळखीत) सांगतो ते नाव, तिन्ही जुळायला हवीत.

घोळ होतात ते ठरावीक जागी. एमएक्समध्ये आयपी किंवा सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) चालत नाही, ए नोंद असलेले नावच हवे. एका नावाला एसपीएफची नोंद एकच. न्यूजलेटरची सेवा जोडताना दुसरी टाकली की पडताळणी दोन्हींना बाद धरते, आणि एका नोंदीत दहाच्या वर डीएनएस चौकशा झाल्या तरी तोच निकाल. डीकेआयएमची २०४८ बिटांची किल्ली २५५ अक्षरांच्या तुकड्यात मावत नाही, काही पॅनेलमध्ये ती हाताने तोडून घालावी लागते.

एवढे जमले की सर्व्हर तयार. मेल-इन-अ-बॉक्स किंवा मेलकाऊ हे तयार सॉफ्टवेअर-संच वापरले तर मांडणी एका दुपारचे काम आहे, फक्त मेलकाऊला निदान ६ जीबी रॅम द्या. पण तयार सर्व्हर म्हणजे पोचणारा मेल नव्हे. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम, जुळणारी पीटीआर आणि टीएलएस (वाटेतले कूटलेखन) सक्तीचे केले. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही. हे सगळे पाळूनही नव्या आयपीला पत नसते. शेजारच्या आयपीवरून कोणी स्पॅम पाठवला तर त्याचा डाग तुमच्यावरही पडू शकतो. मोठ्या सेवेचे पैसे आपण प्रामुख्याने या पतीसाठी मोजतो, मेलबॉक्सच्या जागेसाठी नव्हे. अ‍ॅमेझॉन आणि गूगल क्लाउडच्या सर्व्हरवर तर बाहेर जाणारे पोर्ट २५ मुळातच बंद असते. व्हीपीएस घेण्याआधी हा प्रश्न विचाराच.

खर्चाचे गणित सोपे. तयार सेवा साधारणपणे माणशी पैसे घेते, व्हीपीएसचे भाडे मेलबॉक्स चार असोत वा चाळीस, तेवढेच. चाळीस शिक्षकांच्या शाळेला स्वतःचा सर्व्हर स्वस्त वाटेल, चारजणांच्या समितीला मुळीच नाही. त्यात सांभाळणाऱ्याची मजुरी धरली तर शाळेचाही हिशोब डळमळतो. चवथीला सगळे आपापल्या मूळ घरी गेलेले असताना सर्व्हरची डिस्क भरली तर कोण बघणार? या प्रश्नाला एका माणसाचे नाव आणि दुसऱ्या राखीव माणसाचे नाव, अशी दोन उत्तरे नसतील तर तयार सेवा घ्या.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे टाळा: समितीच्या पत्त्यावरचे सगळे टपाल सदस्यांच्या खासगी जीमेलवर फॉरवर्ड करणे. फॉरवर्ड झालेला मेल मूळ पाठवणाऱ्याच्या एसपीएफमध्ये बहुधा नापास होतो (डीकेआयएमची सही सहसा टिकते), आणि आलेला स्पॅमही तुमच्याच सर्व्हरच्या नावाने पुढे जातो. त्यापेक्षा प्रत्येकाच्या फोनवर मेलबॉक्स आयमॅपने (टपाल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या पद्धतीने) जोडून द्या.

मधली वाटही आहे, आणि स्वतःच्या सर्व्हरची हौस असलेल्यांना मी तीच सुचवेन. येणारे टपाल आणि साठा आपल्या व्हीपीएसवर, बाहेर जाणारे मेल मात्र रिले सेवेमार्फत (आपले मेल तिच्या आयपीवरून पुढे पोचवणाऱ्या कंपनीमार्फत). पतीचा प्रश्न बराचसा रिलेच्या गळ्यात जातो, साठा आपल्या हातात राहतो. पुढेमागे देवनागरी पत्ते द्यायचे असतील तर पोस्टफिक्स ३.० पासून ती सोय आहे, मात्र अनेक संकेतस्थळांचे फॉर्म असा पत्ता अजून स्वीकारत नाहीत.

देवस्थान, सीए, होमस्टे या तिघांनाही माझे मत तयार सेवेकडेच. ती न आवडल्यास सोडणे कठीण नाही: आदल्या दिवशी एमएक्सचा टीटीएल (इतरांनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा, जुने मेल आयमॅपने उतरवून घ्या, मग नोंदी बदला. अट एकच, डोमेन आणि डीएनएस पॅनेल संस्थेच्या खात्यावर हवे, संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या नव्हे. त्या खात्याचा संपर्क-पत्ता मात्र याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेनची मुदत संपून ते बंद पडले, तर नूतनीकरणाची शेवटची सूचनाही त्याच बंद पत्त्यावर जाईल.