एम.टेक.च्या प्रबंधासाठी ऑक्टेव्ह: काही महिने वापरल्यानंतर

सोलापुरात राहून एम.टेक. करणाऱ्या आणि सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं या विचारात असलेल्यांसाठी हे लिहितेय. माझा विषय यंत्रमागाची कंपनं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मागाच्या सांगाड्यावर सेन्सर लावून नोंदी घेतल्या आणि पुढचं सगळं गणित जीएनयू ऑक्टेव्ह या आकडेमोडीच्या आणि आलेख काढायच्या सॉफ्टवेअरवर केलं. उरलेला प्रबंधही त्यावरच पुरा करणार आहे.

ते मोफत आहे हे सगळे सांगतात. मला त्याहून मोलाचं वाटलं ते हे, की लॅबची वेळ संपली तरी ते घरच्या लॅपटॉपवर हाताशी असतं. एक उदाहरण देते. साधा माग मिनिटाला १२० फेऱ्यांनी चालत असेल, तर मूळ वारंवारता २ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २ फेऱ्या. धोटा (आडवा धागा नेणारा भाग) एका फेरीला डावीकडून सुटतो, पुढच्या फेरीला उजवीकडून. म्हणजे एकाच बाजूचा ठोका १ हर्ट्झने येतो. फूरियर रूपांतराच्या, म्हणजे कंपनातल्या वारंवारता सुट्या करून दाखवणाऱ्या आलेखात २, ४, ६ सोबत १, ३, ५ वरही उंच टोकं दिसली, की दोन बाजूंच्या फेकीत फरक आहे का, हे तपासायला हवं. पण नोंदच १ सेकंदाची असेल तर आलेखातले बिंदू १ हर्ट्झच्या अंतरावर पडतात आणि शेजारची टोकं एकमेकांत मिसळतात. २० सेकंदांची नोंद घेतली की हेच अंतर ०.०५ हर्ट्झवर येतं. पुस्तकात हे एका ओळीत असतं. रात्री निवांत बसून नोंदीची लांबी बदलत आलेख पुन्हापुन्हा काढला, तेव्हा ते मला खरं कळलं. कारखान्यातले जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर, नुसत्या आवाजावरून ‘डावी बाजू जोरात मारतेय’ म्हणाले होते. आलेखाशी ते जुळलं, त्या दिवशी फार आनंद झाला.

सांगाड्याच्या नैसर्गिक वारंवारतांसाठी मॅट्रिक्स मोठी होते. १०,००० अज्ञातांची पूर्ण मॅट्रिक्स साठवायला ८०० एमबी लागतात, आणि तशा दोन हव्यात: एक ताठरपणाची, एक वस्तुमानाची. ८ जीबीच्या लॅपटॉपवर हे जड जातं. स्पार्स (विरळ) रूपात ठेवल्या तर शून्यं साठवावी लागत नाहीत आणि लागतील तेवढ्याच पहिल्या काही वारंवारता मागता येतात. उत्तरांच्या अचूकतेची शंका बाळगू नका. ऑक्टेव्ह आणि त्याच कामाचं विकतचं सॉफ्टवेअर मॅटलॅब, दोन्ही रेषीय बीजगणितासाठी लॅपॅक आणि फूरियरसाठी एफएफटीडब्ल्यू या तयार गणिती लायब्रऱ्यांवर उभी आहेत.

आता उणिवा. फॉर लूप हळू चालतात. मॅटलॅब लूपचा कोड चालता चालता मशीनच्या भाषेत बदलून घेतं, ऑक्टेव्ह तसं करत नाही. त्यामुळे लाखो नोंदी एकेक करून मोजायच्या नाहीत, सगळा स्तंभ एकदम मोजायचा. ही सवय लागायला वेळ जातो, पण कोड आखूड आणि स्वच्छ होतो. लाखो बिंदूंचा आलेख मोठा करून पाहताना खिडकी अडखळते. सिग्नलचं पॅकेज दर वेळी आठवणीने लोड करावं लागतं.

मॅटलॅबसोबतच्या सिम्युलिंकला मात्र ऑक्टेव्हमध्ये पर्याय नाही. नियंत्रण प्रणालीचा विषय असेल आणि ठोकळे जोडून मॉडेल करायचं असेल तर ऑक्टेव्हच्या वाटेला जाऊ नका. सायलॅब या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधलं एक्सकॉस पाहा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सायलॅबचे धडे मराठीतही आहेत, आणि ज्यांचं इंग्रजी अडतं त्यांना त्यांचा खरंच आधार होईल.

ऑक्टेव्हचा जन्मच विद्यार्थ्यांसाठी झाला, रासायनिक रिॲक्टरच्या (अणुभट्टीच्या नव्हे) रचनेवरच्या पाठ्यपुस्तकाची जोड म्हणून. जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये काम सुरू केलं आणि नाव दिलं ते रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांचं. २०१५ च्या ४.० आवृत्तीपासून बटणं-खिडक्यांचा पडदाही सोबत येतो, त्यामुळे नुसत्या आज्ञा टाइप करायच्या काळ्या पडद्याची भीती नको.

तुमचे गाईड मॅटलॅब वापरत असतील तर टिपणीसाठी हॅशऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि एंडइफऐवजी नुसतं एंड लिहा, म्हणजे फाइल दोन्हीकडे चालवणं सोपं जातं. आणि ऑक्टेव्हची आवृत्ती, पॅकेजांची नावं व त्यांच्या आवृत्त्या परिशिष्टात आत्तापासूनच लिहीत चला.